उरलेलं अर्धं

प्रेस निर्दोष आहे हे सिद्ध करायचं काम पेन्सिलकडे आलं, तेव्हा तिला ते हातचा मळ वाटलं.

पेन्सिल हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत ती नोकरी करत असलेली कंपनी होती. लाँड्रीतल्या यंत्रांना चालवणारी कंट्रोल कार्डं तिथे बनत. आठ माणसं, सगळी स्क्रीनला नाक लावून बसलेली, आणि त्यांत ही एकटी अंबाड्यात पेन्सिल खोचून कागदांवर वाकलेली. नाव पडायला एवढं पुरलं. मालकसुद्धा तिला तसंच हाक मारत, आणि रागावले की मात्र खऱ्या नावाने बोलावत.

झालं होतं ते असं. एका रुग्णालयाच्या लाँड्रीत चादरी दाबायची मोठी प्रेस होती. खाली मऊ गादी, वर तापलेला पत्रा. चादर पसरायची, मग दोन हातांनी दोन बटणं दाबायची, की पत्रा खाली येतो. बटणं एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे पत्र्याखाली एकही नाही, इतका साधा त्यामागचा विचार. सहा आठवड्यांपूर्वी तो पत्रा एका बाईंच्या डाव्या हातावर आला. बाई त्या प्रेसवर एकोणीस वर्षं काम करत होत्या.

बाईंचं म्हणणं होतं, "उजवा हात बटणावर टेकला होता. डाव्याने चादरीचा काठ सारखा करत होते. दिवे गेले होते, तेवढ्यात आले, आणि पहिल्याच चादरीला हे झालं."

मुकादमाचं म्हणणं होतं, हे होऊच शकत नाही. एका बटणाने पत्रा हलत नाही, हवं तर बघा. त्याने सगळ्यांदेखत चाळीस वेळा एकच बटण दाबून दाखवलं, पत्रा ढिम्म हलला नाही. मग बाईंनी नक्कीच डावं बटण कपड्याच्या चिमट्याने दाबून ठेवलं असणार. लाँड्रीतली माणसं करतात तसं. एक हात मोकळा राहतो, काम झपाट्याने उरकतं. पण चिमटा कोणी पाहिला? कोणीच नाही. तो बाईंनी लपवला असणार. आता, हात पोळलेला माणूस आधी चिमटा काढून खिशात घालतो आणि मग ओरडतो, असं मानणारी माणसं जगात फार थोडी असतील. पण ती झाडून सगळी त्या चौकशीला हजर होती. पंधरा दिवस तेच तेच ऐकून शेवटी बाईंनी सही करून दिली, की हो, चिमटा लावला होता.

सुरक्षा तपासनीस मात्र चिकट निघाला. त्याने कार्ड बनवणाऱ्या कंपनीला एका ओळीचा प्रश्न पाठवला: एका बटणाने पत्रा खाली येणं शक्य आहे का?

"नाही म्हणून दोन पानं लिहून दे," मालक म्हणाले. "आकडेबिकडे घाल चार, म्हणजे अभ्यास केल्यासारखं दिसेल. शुक्रवारपर्यंत."

"बाईंनी कबूल केलंय म्हणे," पेन्सिल म्हणाली.

"मग तर सोपंच."

सही आहे म्हटल्यावर पेन्सिलच्याही मनात किंतु राहिला नाही. शिवाय त्या प्रेसचा प्रोग्रॅम लिहिला होता तिच्या मामाने, आणि मामाच्या कामात असली भगदाडं नसत, हे तिला स्वतःच्या नावापेक्षा पक्कं ठाऊक होतं.

मामा म्हणजे तिच्या आईचा थोरला भाऊ. याच कंपनीत तो पंचवीस वर्षं होता. त्यानेच भाचीला इथे आणून चिकटवलं आणि मग निवृत्त झाला. प्रोग्रॅम चौदा वर्षांपूर्वीचा. माणसाला वाचता येईल असा त्याचा मूळ मजकूर एका जळालेल्या डिस्कबरोबर गेला, आणि प्रोसेसर बनवणारी कंपनी तर त्याआधीच गाशा गुंडाळून बसली होती. उरले होते फक्त चिपमधले आकडे आणि मामाने छापून ठेवलेली त्यांची एक जाडजूड फाइल. काही बदल करायचा तर थेट आकड्यांत हात घालावा लागे, आणि ते धाडस आता कंपनीत एकटी पेन्सिल करत असे.

ते वाचन मोठं गमतीचं होतं. चिपमध्ये एकापुढे एक घरं, प्रत्येक घरात चार अक्षरी आकडा. प्रोग्रॅम चालताना आकडे साठवून ठेवायच्या जागांना मामा पेट्या म्हणे. या प्रोसेसरच्या आज्ञा दोन मापांच्या. काही आज्ञा एका घरात मावतात, काहींना शेजारशेजारची दोन घरं लागतात. पण कुठे एक आज्ञा संपली आणि दुसरी सुरू झाली, याची खूण मध्ये कुठेही नाही. ना रेघ, ना ठिपका. ओळखायचं ते आज्ञेच्या पहिल्या घराच्या शेवटच्या अक्षरावरून. यंत्राचे आकडे सोळाच्या मोजणीत लिहितात, म्हणून नऊच्या पुढे ए, बी, सी अशी एफपर्यंत अक्षरं येतात. शेवटी तीन, सात, बी किंवा एफ आलं की आज्ञा दुहेरी, पुढचं घर तिच्याच पोटातलं. दुसरं काहीही आलं की एकेरी. नियम एवढाच. मात्र सुरुवातीची जागा बरोबर हवी. एक घर चुकून सरकलात, तरी आज्ञा वाचता येतात, अर्थही लागतो, फक्त तो सगळा भलताच असतो.

मामाने तिला हे शिकवलं ते पेन्सिलीने. एकेरीवर एक टिंब द्यायचं, दुहेरीच्या दोन घरांवर मिळून एक कमान काढायची. "आणि कमानीखालच्या दुसऱ्या घराकडे बघायचं नाही," तो बजावत असे. "ते घर कशानेही संपू दे. ते पहिल्याचं बिऱ्हाड आहे, त्याची वेगळी चौकशी करायची नाही."

रविवारी दुपारी फाइल काखेत मारून ती मामाकडे गेली. खरं तर गरज नव्हती. पण मामाच्याच कामाला निर्दोष ठरवायचं, तर ते त्याच्या समोर बसून करावं, अशी तिची हौस. दुसरंही एक होतं. दोन वर्षांपासून मामाच्या नजरेचा मधला भाग गेला होता. दाराची चौकट दिसे, दारातलं माणूस दिसत नसे. वाचणं तर सुटलंच होतं. ज्या माणसाने जन्मभर आकडे वाचले, तो आता रेडिओ लावून खिडकीशी बसे, आणि ते बघून तिचा जीव तुटे.

"आले का पाढे?" मामीने दार उघडलं. "चहा टाकते. त्याला जरा बोलतं कर. सकाळपासून रेडिओशी भांडतोय, बातम्या चुकीच्या देतात म्हणे."

मामा खुर्चीत ताठ बसला. ती वाचू लागली, तो सांगू लागला. हा त्यांचा जुना खेळ. डोळे गेल्यापासून तोंडी झालेला.

"सी शून्य आठ एफ."

"दुहेरी. पहिल्या दाबाची वेळ पेटीत टाकायची."

"पुढचं अर्धं खोडलंय, मामा. इथे मी तीन वर्षांपूर्वी बदल केला होता, आठवतंय? वीज येऊन यंत्र सुरू झालं की पहिला दाब चाळीस सेकंदांचा होता. नवे हीटर आल्यावर चादरी करपायला लागल्या, म्हणून वीस केला."

"बरं. पुढे?"

"डी एक ए आठ."

"एकेरी. डावं बटण दाबलंय का, नसेल तर परत जा."

"डी दोन ए आठ."

"एकेरी. उजवं बटण. आणि मग पत्रा खाली." मामा हसला. "आहेत ना दोघंही पहारेकरी आपापल्या जागी?"

"आहेत." तिने फाइल मिटली. "झालं. दोन पानं आजच लिहून टाकते."

मामीने चहा आणला. मामाने पेल्याची कड बोटांनी चाचपली, एक घोट घेतला आणि म्हणाला, "तू आत्ता काय वाचलंस गं?"

"म्हणजे? प्रोग्रॅम."

"फाइल वाचलीस. प्रेस काही आपली फाइल वाचत नाही. त्या प्रेसच्या चिपमधलं आणलंयस का?"

आणलं होतं. शुक्रवारी लाँड्रीत जाऊन तिने त्या चिपमधले सगळे आकडे लॅपटॉपवर उतरवून घेतले होते, कारण अहवालाला जोडायला ते बरे दिसतात. वाचले मात्र नव्हते. जे फाइलमध्ये आहे तेच असणार, म्हणून.

"तेच आहे, मामा."

"मग वाचायला तुझं काय जातंय? मला तरी कुठे कामं पडलीयत?"

तिने लॅपटॉप उघडला. तीच जागा काढली आणि कंटाळलेल्या आवाजात सुरू केलं.

"चार सी एक चार. हा माझा बदल."

"एकेरी? वीसला दुहेरी नाही लागली?"

"लहान आकडा एकेरीत मावतो ना. चाळीसला दोन घरं लागत होती, वीसला एक पुरलं." आजही तिला त्या चलाखीचा थोडा अभिमान होता.

"बरं. पुढे."

"शून्य शून्य दोन बी."

"दुहेरी," मामा म्हणाला. "पुढचं अर्धं सांग."

"नाही नाही, ही आज्ञा नाही. जुन्या दुहेरीचं उरलेलं अर्धं आहे ते, पडलंय तिथे नुसतं. ते सोडून दे."

"उरलेलं आहे हे मला कसं कळणार?"

"मी सांगते ना."

"तू मला सांगतेयस. यंत्राला कोण सांगतंय?" मामा पुढे झुकला. "मला कमान दिसत नाही, खोडलेलं दिसत नाही, तुझा बदलही दिसत नाही. मला फक्त आकडा ऐकू येतो. शेवटी बी आहे ना? मग दुहेरी. पुढचं अर्धं सांग."

तिने स्क्रीनवर पुढच्या घरावर बोट ठेवलं.

"डी एक ए आठ," ती म्हणाली.

डावं बटण. डाव्या बटणाचा पहारेकरी त्या उरलेल्या अर्ध्याच्या पोटात गेला होता. दोन घरांची मिळून एक भलतीच आज्ञा झाली होती: कुणी कधी न उघडणाऱ्या पेटीत एक निरर्थक बेरीज करून ठेवणारी. त्यापुढचं घर मात्र पुन्हा जागेवर. उजवं बटण तपासा, पत्रा खाली आणा. सगळं सुरळीत. वीज येऊन यंत्र सुरू झालं की फक्त पहिला दाब एका बटणावर होणार. दुसऱ्यापासून वाट वेगळी, तिथे दोन्ही पहारेकरी शाबूत. मुकादमाने चाळीस वेळा दाबलं ते चालू प्रेसवर. दिवे जाऊन आले होते, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि ते जबाबात लिहिलेलंही होतं. ते तिनेही वाचलं होतं.

"पण मी तपासलं होतं," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच लहान मुलीसारखा वाटला. "सोळाच्या मोजणीत चाळीस म्हणजे दोन आठ. शेवटी आठ. ते एकटं वाचलं तरी एकेरीच, आणि त्याने काहीसुद्धा होत नाही. मी तक्त्यात बघितलं होतं, मामा. म्हणून तर ते राहू दिलं. अकरा लाँड्र्यांत हाच बदल केला मी, बदलाच्या एकाच चिठ्ठीवरून. इथे दोन बी कुठून आलं?"

मामाने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "माझ्या घड्याळातून."

"म्हणजे?"

"रुग्णालयाच्या चादरी जाड. चाळीस सेकंदांनी काठाला ओल राहायची. अख्खी सकाळ त्या प्रेसपाशी घड्याळ घेऊन उभा होतो मी. त्रेचाळीसला काठ सुकला. म्हणून तिथे त्रेचाळीस घातले. फाइलच्या शेवटच्या पानावर लिहिलंय बघ."

लिहिलं होतं. मागच्या पुठ्ठ्याजवळ, मामाच्या बारीक अक्षरात. त्रेचाळीस म्हणजे दोन बी. दहा ठिकाणी तिची चलाखी खपून गेली होती, आणि जिथे मामाने जीव ओतून काम केलं होतं नेमकी तिथेच अंगाशी आली होती. बदल करायला ती त्या लाँड्रीत स्वतः गेली होती. पहिलं घर पाहिलं, नवा आकडा टाकला, निघाली. दुसऱ्या घराकडे तिने पाहिलंच नव्हतं.

"रिकामी आज्ञा का नाही घातलीस तिथे?" मामाने विचारलं. काहीच न करणारी अशी एक आज्ञा असते. एखादं घर मोकळं झालं की तिथे ती घालायची, हे त्याने तिला पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं. "दोन मिनिटांचं काम होतं."

"गरज नाही असं वाटलं."

"गरज नाही असं वाटलं," मामाने तिचेच शब्द परत म्हटले. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. मामी पेले उचलायला आली होती, ती तशीच मागे फिरली.

जरा वेळाने मामा म्हणाला, "माझं नाव घाल."

"काय?"

"अहवालात. मूळ प्रोग्रॅममधल्या त्रेचाळीस या आकड्यामुळे असं झालं, असं लिही. खोटं नाही ते. त्या चाळिसाचे त्रेचाळीस मीच केले. मला आता कोण काढून टाकणार आहे? तुला अजून वीस वर्षं नोकरी करायचीय, बाळा."

तिने फाइल आणि लॅपटॉप आवरला. घरी जाताना रस्ताभर ते वाक्य तिच्याबरोबर चालत आलं. त्यात खरंच एकही अक्षर खोटं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिला ते हवं होतं. मामाने ते आपणहून पुढे केलं, याबद्दल कृतज्ञता वाटली, आणि त्या कृतज्ञतेची तिला शिसारी आली.

सोमवारी लाँड्री उघडायच्या आधीच ती दारात उभी होती. मुकादमाला तिने प्रेस बंद करून पुन्हा चालू करायला लावली, गादीवर टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि एकट्या उजव्या बटणावर बोट टेकवलं. पत्रा खाली आला. मऊ, बिनआवाजी, जणू कित्येक दिवस तो हेच कुणीतरी विचारण्याची वाट बघत होता. टॉवेलमधून वाफ निघाली. धुणं वाहून आणणाऱ्या दोघी जागच्या जागी थांबल्या.

"पुन्हा करा," मुकादम म्हणाला. तिने प्रेस बंद-चालू करून पुन्हा केलं. तिसऱ्यांदा मुकादमाने स्वतः केलं आणि बोट चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"चिमट्याबद्दल मग काय म्हणता?" त्या दोघींतली एक मागून म्हणाली. मुकादम गादीवरचा टॉवेल उचलायला लागला. पेन्सिलने त्या मोकळ्या घरात रिकामी आज्ञा घातली, दहादा तपासलं, आणि त्याच दिवशी उरलेल्या दहा लाँड्र्यांची यादी काढून तिथेही जायला निघाली. तिथे धोका नव्हता. तरीही गेली.

मंगळवारी मालकांनी तिला आत बोलावलं. खऱ्या नावाने.

"बाईने लिहून दिलंय की चिमटा होता," ते म्हणाले. "तू कशाला उकरून काढतेस?"

"पत्रा चार जणांसमोर खाली आलाय, सर. एका बटणावर."

मालक वाईट माणूस नव्हते. आठ जणांची घरं त्यांच्या कंपनीवर चालत, आणि ती गोष्ट ते कधी बोलून दाखवत नसत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ठीक आहे. मग मूळ प्रोग्रॅमचा दोष म्हणून लिही. चौदा वर्षांचा जुना प्रोग्रॅम, लिहिणारा निवृत्त. तपासनीस चार शेरे मारेल आणि फाइल बंद करेल. तुझ्या मामांना मी फोन केला होता. त्यांची काही हरकत नाही."

"त्यांनी होकार दिला?"

"म्हणाले, कागद पाठवा, सही करतो. कुठे करायची तेवढं बोट ठेवून दाखवा म्हणाले, दिसत नाही म्हणून."

पेन्सिलच्या डोळ्यांसमोर ते आलं. कागदावर धरलेलं मामाचं बोट, आणि शेजारी उभं राहून जागा दाखवणारं कुणीतरी. म्हणजे ती स्वतःच. आणि दुसरीही एक सही आली, बाईंची, जी तिने चौकशीच्या कागदांत पाहिली होती. उजव्या हाताने केलेली, तरी वेडीवाकडी.

"मामाचे त्रेचाळीस बरोबर होते, सर," ती म्हणाली. "मी अर्धी आज्ञा मागे टाकून आले. बदल माझा, तारीख माझी, चिठ्ठीवर सही माझी."

"तुझं नाव कागदावर आलं तर मला तुला ठेवता येणार नाही. कळतंय ना? यंत्रात हात घालणारं माणूस चुकलं, असं एकदा लिहून गेलं की कुठलीही लाँड्री तुला दारात उभी करणार नाही."

"कळतंय."

"मग?"

तिला रडू येत होतं आणि तिथे रडायचं नव्हतं. तिने अहवाल टेबलावर ठेवला. दोन नव्हे, पाऊण पानाचा झाला होता. त्यात प्रत्येक घर क्रमाने लिहिलं होतं, यंत्र ते कसं वाचतं ते लिहिलं होतं, आणि कुणी काय केलं तेही. मालकांनी तो दोनदा वाचला. शेवटी म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत ये. फाइल कुणाला तरी समजावून जा." आणि चष्मा घालता घालता, "कुणाला समजणार आहे म्हणा."

अहवाल गेला. कायद्याने तिचं काम तिथे संपलं. पण तपासनिसाचं पत्र बाईंपर्यंत पोचायला दोन-तीन आठवडे लागणार होते, आणि पोचलं तरी त्यातलं त्यांना किती उमगेल, कुणास ठाऊक. बुधवारी दुपारी ती पत्ता शोधत गेली.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार बाईंनीच उघडलं. डाव्या हाताला कोपरापर्यंत पातळ पांढरी पट्टी, बोटं बाहेर, पण एकमेकांना चिकटल्यासारखी. आत टेबलावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता आणि निम्म्या कपड्यांच्या घड्या झालेल्या होत्या. एका हाताने घातलेल्या, तरी काठाला काठ लागलेल्या.

"कोण आपण?"

"मी प्रेसचं कार्ड बनवणाऱ्यांकडून आले."

बाईंचा चेहरा मिटला. "मी सही करून दिलीय. आणखी काय पाहिजे?"

"चिमटा नव्हता," पेन्सिल म्हणाली. येताना तिने बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं एकही तोंडात आलं नाही. "तुम्ही चिमटा लावला नव्हता. पत्रा एका बटणावर आला. दिवे जाऊन आल्यावर येत होता तो. मी परवा स्वतः करून पाहिलं. मुकादमांनी पण पाहिलं."

बाई दाराला धरून उभ्या राहिल्या. "पुन्हा सांगा."

तिने पुन्हा सांगितलं.

"चिमटा नव्हता?"

"नव्हता."

"मला आठवतंय, नव्हता." बाई खुर्चीवर बसल्या. "पण सगळे म्हणायला लागले, तर मग मलाही दिसायला लागला हो. निळा चिमटा. आधी रंग नव्हता, मग रंगसुद्धा आला. रात्री पडल्या पडल्या या हाताला मी शिव्या घालायचे, की मेल्या, काय गरज होती तुला." त्यांनी पट्टीवर उजवा हात ठेवला, एखाद्या मुलाला उगाच मारल्यावर ठेवावा तसा. मग मान वर केली. "यंत्रात कुणाचं चुकलं?"

"माझं."

"तुमच्या कंपनीचं?"

"नाही. माझं. तीन वर्षांपूर्वी मी एक बदल केला आणि उरलेलं तसंच टाकून आले. आवरायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम होतं, मी केलं नाही."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्या बघण्यात माफी नव्हती, आणि पेन्सिलने ती मागितलीही नाही. ती मागायची, तर समोरचीला आणखी एक काम लावल्यासारखं झालं असतं.

"जा तुम्ही आता," बाई अखेर म्हणाल्या.

पेन्सिल वळली. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलीही.

"थांबा." बाई दारात आल्या होत्या. "माझी मुलगी साडेसहाला कामावरून येते. तिला सांगा हे. मला सांगितलंत तसंच, पहिल्यापासून."

"तुम्ही सांगितलंत तरी..."

"माझं तिला पटणार नाही," बाई म्हणाल्या. "कर सही, आई, उगाच खोटं बोलू नकोस, असं तीच म्हणाली होती मला."

पेन्सिल वर आली. बाईंनी कपड्यांचा ढीग सरकवून तिला खुर्ची मोकळी करून दिली. पाच वाजत आले होते.